मोसंबीची तिसरी बाटली

१

परीक्षेच्या बाटलीत दारू निघाली होती. बाटली दारूची नव्हती. आत मोसंबीचा सोज्वळ रस होता, आणि त्यात मद्यार्काचा आकडा असा की वाचणाऱ्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचावा. वामनरावांनी तेच केलं. आकडा होता तिथंच होता.

"बाकीच्या सगळ्या प्रयोगशाळांना या रसात जवळजवळ काहीच सापडलं नाही," टेबलापलीकडून शरयू म्हणाली. "सापडलं ते एकट्या आम्हाला."

नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडे शरयूची अन्न तपासणीची प्रयोगशाळा होती. वामनरावांनी कॉलेजात उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलं. गावातल्या निम्म्या केमिस्टांचे कान त्यांनी पिळले होते आणि त्यांत शरयूचाही कान होता. निवृत्त झाल्यापासून पिळायला कान उरले नव्हते, म्हणून ते वर्तमानपत्रातल्या चुका काढत. शरयूचा फोन आला तेव्हा ते घरच्या चपला घालूनच निघाले.

प्रकरण असं होतं. प्रयोगशाळा जगाचा माल तपासते, पण तिला कोण तपासणार? त्यासाठी एक संस्था एकाच पिंपातलं पेय बाटल्यांत भरून सगळ्या प्रयोगशाळांना पाठवते. प्रत्येकीनं मोजून आकडा कळवायचा. जिचा आकडा इतरांहून फटकून, ती नापास. या खेपेचा विषय होता हलाल पेयांतला मद्यार्क. मुसलमान माणसाला ते पेय निर्धास्त पिता यावं, म्हणून त्यातला अगदी बारीक अंशही हुडकून काढायचा. नमुने तीन होते. पहिला पत्र्याच्या बुचाच्या काचेच्या बाटलीत, दुसरा टिनच्या डब्यात, आणि तिसरा, मोसंबीचा रस, फिरकीच्या टोपणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत. पहिले दोन आकडे तंतोतंत जुळले होते. तिसऱ्यानं घात केला.

"मशीन बरोबर चालत होतं," शरयू म्हणाली. "मग दोनच गोष्टी उरतात. अर्पितानं तपासताना हलगर्जी केली, नाहीतर कुणीतरी स्पिरिट ओतलं. शुक्रवारी संस्थेला कारण कळवायचंय. सापडलं नाही तर अर्पिताचं नाव लिहावं लागेल. आणि एकदा ते लिहिलं की तिला दुसरी कुठलीही प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. मला काय आनंद होतोय का, सर?"

वामनरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागच्या वर्षी बाजारात पाय घसरून ते पडले, तेव्हा लोक गोल करून बघत होते आणि अर्पितानं त्यांना उचलून ऑटोत घातलं होतं. मुलगा पुण्याहून येईपर्यंत ती दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून होती. आपला हात धरलेला तो हात ते विसरले नव्हते. तेव्हापासून अर्पिताचं नाव निघालं की म्हाताऱ्याचा आवाज आपोआप मऊ होई.

तेवढ्यात कचरूमामांनी चहा आणला. केदारखेड्याचे हे शेतकरी, मोसंबीची बाग पोरांच्या हवाली करून इथं राखणदारी करत. गेट, चहा आणि दारातली तुळशीची कुंडी ही तीन खाती त्यांच्याकडं होती. तिन्हींत कुणी लुडबूड केलेली त्यांना खपत नसे.

"गुरुजी," कप ठेवत ते हळूच म्हणाले, "पोरीला काढून टाकून राह्यले का वो? लई चांगली पोर हाय."

वामनराव उत्तर देणार, तोच दारात अर्पिता येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजले होते, पण मान ताठ होती.

"सर, एक गोष्ट मी मॅडमला सांगितली न्हाई," ती म्हणाली. "ती बाटली माझ्या हातात आली तवाच उघडलेली व्हती."

२

शरयू खुर्चीतून उठलीच. वामनरावांनी तिला हातानं बसवलं आणि अर्पितापुढं चहा सरकवला.

"पी आधी. मग पहिल्यापासून सांग."

अर्पितानं सांगितलं. नमुने आले अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. नमुन्यांचा फ्रिज दुरुस्तीला गेला होता, म्हणून तिनं ते पुढच्या खोलीतल्या फ्रिजात, दूध आणि पाण्याचा जग यांच्या शेजारी ठेवले. शनिवारी विसर्जनाची सुट्टी, पुढं रविवार. सोमवारी रोहित्र जळालं आणि दोन दिवस सगळी कॉलनी विजेविना उकडत राहिली. वीज आल्यावर तिनं तपासणी केली.

"पण नुसत्या उकाड्यानं बंद बाटलीला काही होत नाही," शरयू म्हणाली. "रस उकळून भरलेला असतो."

"मला ठाऊक हाय, मॅडम. म्हणून तर मी बिनधास्त व्हते. पण टोपण फिरवलं तर खालची कडी आधीच तुटलेली. मला वाटलं, पार्थनं वास बघायला उघडली असंल. त्याला इचारायला पायजे व्हतं. पण तो नोकरी सोडून चाल्लाय, तुम्ही आधीच त्याच्यावर चिडलेल्या. उगा त्याला अजून बोलणी कशाला, म्हणून गप बसले. तिथंच चुकलं माझं."

"उघडताना आणखी काही जाणवलं?" वामनरावांनी विचारलं.

"फुस्स झालं. सोड्यासारखं."

वामनरावांचा कप ओठांपाशीच थांबला. वर्गातसुद्धा उत्तर सापडलं की ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत, तसे आता बघत राहिले.

"त्या बाटल्या कशाच्या आहेत हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. कचरूमामांनीबी इचारलं व्हतं. मी सांगितलं, मुसलमान लोकांच्या धर्माला चालावं असं शुद्ध पेय हाय, याला कशाचा विटाळ व्हता कामा न्हाई, आपली सगळ्यांची इज्जत याच्यावर हाय. तवापासून मामा गेटवरून दहादा आत येऊन फ्रिजाकडं बघून जायचे." इतक्या दुःखातही तिला हसू आलं.

"उरलेला रस?"

"बर्फाच्या कप्प्यात ठेवलाय मी. टाकला न्हाई."

"शाब्बास पोरी," वामनराव म्हणाले. ही चांगली सवय तिला कुणी लावली ते त्यांना ठाऊक होतं, पण श्रेय घ्यायची ती वेळ नव्हती. "आता एकच सांग. सुट्टीच्या दिवसांत इथं कोण येऊन गेलं?"

अर्पितानं मान खाली घातली.

"रविवारी पार्थ आल्ता," ती म्हणाली.

३

पार्थ तरुण होता, हुशार होता आणि ही दुसरी गोष्ट त्याला जरा जास्तच ठाऊक होती. संभाजीनगरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली होती. शरयूची प्रयोगशाळा नापास झाली तर इकडचं काम तिकडंच जाणार होतं. तो सगळा संशय अंगावर घेऊनच खोलीत शिरला.

"सर, तुम्हीसुद्धा मलाच धरणार?"

"अजून कुणालाच धरलेलं नाही. बस. रविवारी कशाला आला होतास?"

"हेल्मेट विसरलं होतं. दुपारी आलो, हेल्मेट घेतलं, फ्रिजातलं पाणी प्यालो, निघालो. पाणीसुद्धा धड नाही इथलं. जग तोंडाला लावला तर कसला तरी पाला तोंडात आला. थुंकून टाकला."

"बाटलीला हात लावलास?"

"नाही. आणि मला स्पिरिट ओतायचंच असतं, तर एकाच बाटलीत ओतून मी थांबलो असतो का? तिन्ही बिघडवल्या असत्या. सुईनं, कुणाला कळणार नाही असं. टोपणाची कडी मोडून पुरावा कोण मागं ठेवतं? एवढा ढ आहे का मी?"

"नाहीस," वामनराव मनापासून म्हणाले. "म्हणूनच मला तुझं पटतं."

विश्वास ठेवला जाईल याची पार्थनं तयारीच केली नव्हती. तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "अर्पितानं माझं नाव झाकलं, हे खरं का? मला आत्ता मॅडमनी सांगितलं."

"खरं."

"मग मला काहीतरी काम सांगा, सर."

वामनरावांनी त्याला सूक्ष्मदर्शक काढायला लावला. अर्पितानं राखून ठेवलेला रस वितळला, त्याचा थेंब काचेवर चढला आणि म्हाताऱ्यानं भिंगाला डोळा लावला. तो डोळा बराच वेळ तिथून निघेना. मग त्यांनी शरयूला बोलावलं, अर्पिताला बोलावलं, आणि एकेकीला बघायला लावलं. भिंगाखाली गोल गोल पेशी होत्या, कुणाच्या कडेला लहान पिल्लू फुटलेलं.

"यीस्ट," शरयू पुटपुटली.

"यीस्ट. मद्यार्क बाहेरून ओतला असता तर बाटलीत वायू धरला नसता आणि ती फुस्स झाली नसती. रस आंबला म्हणून वायू धरला. ही दारू कुणी टाकलेली नाही गं. ती बाटलीतच जन्मली. अर्पितानं जे मोजलं ते बरोबर मोजलं. त्या बाटलीत तेवढी दारू खरोखरच होती!"

अर्पितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण शरयूच्या कपाळावरची आठी हलली नाही.

"पण उकळलेल्या रसात यीस्ट आलं कुठून, सर? कुणीतरी बाटली उघडून काहीतरी आत टाकलंच ना? कुणी? आणि काय? हे कळल्याशिवाय संस्था हलगर्जीच म्हणणार."

वामनरावांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

४

शुक्रवारी सकाळी खाजाभाई आले. केदारखेडा, राजूर भागातल्या बागायतदारांच्या गटाकडून ते मोसंबीचा रस घेत आणि हैदराबादमार्गे आखाती देशांत पाठवत. त्यांच्या प्रत्येक खेपेवर या प्रयोगशाळेचा कागद लागे. बातमी त्यांच्या कानावर गेली होती.

"मॅडम, मी भांडायला न्हाई आलो," बसता बसता ते म्हणाले. "पण कागदच गेला तर माझा माल अटकंल, आणि बागवाल्यांचाबी. तरी एक बात सांगतो. दो साल पहले या अर्पिता बेटीनं माझी एक खेप रोकली व्हती. रस आंबायला लागल्ता, तिनं तोंडावर सांगितलं. मी त्या दिवशी लई चिडलो. मंग घरी जाऊन सोचलं, ही पोरगी गप बसली असती तर माझ्या हातून किती लोकांच्या पोटात नको ते गेलं असतं! तवापासून नमाजात तिच्यासाठी दुआ मागतो. तिनं लापरवाही केली म्हणाल, तर मी बिलकुल मानणार न्हाई."

अर्पिता उठून खिडकीपाशी गेली.

वामनराव मात्र सुन्न होऊन घरी गेले. पत्नी मीनाताईंनी पान वाढलं. आमटी होती, पण जीव लागेना. काहीतरी चमचमीत हवं म्हणून त्यांनी फळीवरची लिंबाच्या लोणच्याची मोठी बरणी स्वतःच खाली काढली. झाकण उघडलं आणि ते थबकले. लोणच्यावर एक सुकून काळं पडलेलं पान चिकटलं होतं.

"हे काय गं?"

"अगंबाई! ग्रहणातलं तुळशीचं पान," मीनाताईंनी जीभ चावली. "बाकीच्या बरण्यांतली काढली, ही फळीवरची विसरलेच. त्या रविवारी दुपारपासून वेध होते नाही का. तुम्हाला संध्याकाळी जेवायला दिलं नाही म्हणून केवढे कुरकुरत होता!"

वामनराव बरणीकडं बघत राहिले. रविवार. फ्रिजातलं पाणी. तोंडात आलेला पाला. दारातली कुंडी.

"अहो, पान टाकून कुठं निघालात?" मीनाताई ओरडल्या.

"तू मला आज वाचवलंस," ते चपलांत पाय सरकवत म्हणाले. "आल्यावर सगळं जेवतो."

५

पुढच्या खोलीत सगळे होते. शरयू संस्थेला लिहायला बसली होती, खाजाभाई अजून गेले नव्हते, पार्थ अर्पितापाशी उभा होता. वामनरावांनी धापा टाकत खुर्ची ओढली.

"बाटली उघडणाऱ्याला तिन्ही नमुन्यांचं काहीतरी करायचं होतं," ते म्हणाले. "पण पत्र्याचं बूच हातानं निघत नाही आणि टिनचा डबा उघडला की पुन्हा लागत नाही. फिरकीचं टोपण तेवढं निघतं आणि पुन्हा नीट बसतं. म्हणून तिसरीच बाटली. म्हणजे उघडणाऱ्याला नासधूस करायची नव्हती, वस्तू होती तशी परत ठेवायची होती. शत्रू असा वागत नाही. आणि तो दिवस रविवार होता, चंद्रग्रहणाचा. पार्थ, तुझ्या तोंडात आलेला पाला कसला होता?"

पार्थनं आठवलं. "तिखट लागला होता... तुळस!"

"कचरूमामा," वामनराव दाराकडं वळून अगदी हळू म्हणाले, "ग्रहणात फ्रिजातल्या कशाकशात पान घातलं होतं तुम्ही?"

कचरूमामा ट्रे घेऊन उभे होते. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"समद्यात की. दुधात, पाण्यात, त्या मोसंबीच्या बाटलीत. दुसरी बाटली आन डबा काई उघडंना, मंग त्याच्यावर नुसतं ठिवलं. वेध लागायच्या आधी घातलं आन सकाळी आठवणीनं काढलं, टोपण बी घट्ट लावलं. घरी बी असंच करतो आम्ही." मग सगळ्यांचे चेहरे बघून ते गोंधळले. "अर्पिताबाईच बोलल्या व्हत्या, याला विटाळ व्हता कामा न्हाई. भाईंच्या लोकांचं धरमाचं पिणं ते. आपण आपल्या घरचं पाणी जपायचं आन त्यांचं तसंच गिराणात सोडून द्यायचं? ते बरं दिसलं असतं का?"

धुतलेलं असो वा नसो, अंगणातल्या तुळशीच्या पानावर यीस्ट असतंच. ते रसात उतरलं आणि वीज नसलेल्या दोन दिवसांत आपल्या मर्जीनं वाढलं. हे शरयूनं मामांना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. मामांनी शरयूकडं बघितलं, मग अर्पिताकडं.

"म्हंजी... म्या केलं हे? या पोरीवर माझ्यामुळं आल्तं? मला कुणी इचारलंच न्हाई वो..."

"आम्ही नाही विचारलं," शरयू म्हणाली. "सगळ्यांना विचारलं, तुम्हाला सोडून. आणि तो फ्रिज बिनकुलपाचा ठेवला तोही आम्हीच."

अर्पितानं पुढं होऊन ट्रे काढून घेतला. "मामा, तुम्ही काई वाईट न्हाई केलं. मीच तुम्हाला अर्धवट सांगितलं."

पण मामांची नजर खाजाभाईंवर होती. जपायला गेलं तेच आपल्या हातून नासलं, त्याची माफी ते त्यांच्याकडं मागत होते, शब्दांशिवाय. खाजाभाई उठले. त्यांनी मामांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"कचरूभाऊ," ते म्हणाले, "दुकानात माल तपासणारे लई बघितले. पण माझं पाक राहावं म्हणून फिकीर करणारा माणूस पहिल्यांदा बघून राह्यलो. रस गेला तर जाऊ द्या. तो परत मिळंल. तुमचे लई उपकार हायत माझ्यावर."

कचरूमामा मग रडले. आणि खरं सांगायचं तर वामनरावांनीही चष्मा पुसला, या वेळी आकडा वाचण्यासाठी नव्हे.

६

शरयूनं संस्थेला सगळं खरं लिहिलं, तुळशीच्या पानासकट. नापास ते नापासच राहिलं, तो शेरा कुणाला पुसता येत नव्हता. पण कारण सापडलं, तपासणी बरोबर होती हे सिद्ध झालं आणि संस्थेनं नवी बाटली पाठवली. अर्पिताचा आकडा या वेळी इतरांना चिकटून आला. त्या दिवशी कचरूमामांनी राजूरच्या गणपतीला नारळ फोडला आणि प्रसाद पहिल्यांदा अर्पिताच्या हातावर ठेवला. पार्थ संभाजीनगरला गेला, पण जाताना अर्पितासाठी नवा सूक्ष्मदर्शक मागवा म्हणून शरयूच्या मागं लागून गेला.

नमुन्यांच्या फ्रिजाला कुलूप आलं. किल्ली कुणाकडं ठेवायची असा प्रश्न निघाला, तेव्हा शरयूनं अर्पिताकडं बघितलं.

"मामांकडं," अर्पिता म्हणाली. "त्यांच्याइतकं जपणारं दुसरं कोण हाय?"

किल्ली घेताना मामांनी आधी हात धोतराला पुसले.

होळीच्या सुमारास पुन्हा चंद्रग्रहण आलं. दुसऱ्या दिवशी वामनराव सहज म्हणून प्रयोगशाळेत गेले. आता ते कारण नसतानाही जात. आपण अजून कुणाच्या उपयोगी पडतो ही जाणीव या पोरांनी त्यांना दिली होती, आणि त्याबद्दल ते मनातल्या मनात रोज त्यांचे आभार मानत. खाजाभाई नवे नमुने घेऊन आले होते. फ्रिजाच्या कुलपात तुळशीची एक डहाळी खोचलेली होती.

"गुरुजी, आतमदी न्हाई बरं," कचरूमामा घाईघाईनं म्हणाले. "भाईरूनच लावलीय. आत्ता काढतो."

ते हात पुढं करणार, तोच खाजाभाईंनी तो हात धरला.

"राहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "माझा माल आत जाईपर्यंत राहू द्या."